एक्स-रे मस्त आला, मग आईंना एकटं चालू द्यायचं का?

प्रश्न : बडोद्याच्या जुन्या भागात राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात असं. सासूबाई ७१ वर्षांच्या. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या खुब्याचं हिप रिप्लेसमेंट झालं. परवा सर्जननी एक्स-रे बघून "एकदम मस्त, आता चाला-फिरा" म्हणून सांगितलं. त्याच आठवड्यात फिजिओंनी मात्र घड्याळ लावून त्यांना खुर्चीतून उठवलं, चालवलं, तोल बघितला आणि कागदावर लिहून दिलं, टीयूजी १७ सेकंद, बर्ग ५६ पैकी ४३. तो कागद नेटवर शोधून बघितला आणि घरात सगळे घाबरले. ताईंचे मिस्टर म्हणतात आई टेस्टमध्ये नापास झाली, आता वॉकर सोडायचा नाही आणि घराबाहेर पाय टाकायचा नाही. पुण्याची नणंद व्हिडिओ कॉलवर म्हणते चार महिने झाले तरी वॉकर? माझ्या मैत्रिणीची आई तर दोन महिन्यांत यात्रेला जाऊन आली. शिवाय आई चालताना उजवीकडे झुकते म्हणजे पाय लहान-मोठा झालाय असंही तिचं म्हणणं. सासूबाई स्वतः वॉकर कोपऱ्यात ठेवून काठी घेतात, तीही उजव्या हातात, कारण ऑपरेशनचा पाय उजवा. त्यांना वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत झोपायला जायचंय, हिंचक्यावर बसायचंय, सुरसागर तलावापर्यंत चालत जायचंय, आणि गणपती तोंडावर आलेत. ताई लिहितात, "मी रात्री त्यांच्या खोलीच्या दाराशी गादी टाकून झोपते. त्या पडल्या तर सगळे मलाच विचारणार. एकदा नक्की सांगा, त्या सेफ आहेत की नाहीत?"

ताई, तुमच्या पत्रातलं ते दाराशी गादी टाकणं वाचून वाईट वाटलं. चार महिने रात्रीची नीट झोप नाही, दिवसा घर, आणि वर सगळ्यांची मतं ऐकायची. म्हणून आधी हे सांगते की आई पडल्याच तर तो तुमचा गुन्हा नाही. मिस्टरांना हे तुम्ही सांगू शकत नसाल तर हे पान त्यांच्यासमोर ठेवा.

आता तुमचा प्रश्न. सेफ आहेत की नाहीत ह्याला एका शब्दात उत्तर नाही, आणि तसं कुणी दिलं तर त्यावर विसंबूही नका. त्या कशात सेफ आहेत, कशात नाहीत आणि कशात कुणी बाजूला उभं राहिलं तर चालेल, असे तीन कप्पे करायला लागतात. ते कप्पे करायला फिजिओंचा कागद लागतो, तुमची नजर लागते आणि आईंचं म्हणणं लागतं. तिसरी गोष्ट तुमच्या अख्ख्या पत्रात कुठे दिसली नाही. मिस्टर काय म्हणतात ते आहे, नणंद काय म्हणते ते आहे, आईंना काय काय करायचंय त्याची यादीसुद्धा आहे, पण चालताना त्यांना स्वतःला कसं वाटतं, कुठे भीती वाटते, कुठला पाय आपला वाटत नाही, हे कुणी विचारलंय का? विचारा. शांतपणे, चहा घेताना, नणंद फोनवर नसताना.

आधी एक्स-रेचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू झालाय. सर्जनही बरोबर आहेत आणि फिजिओही बरोबर आहेत, ते दोघं दोन वेगळ्या गोष्टी बघतायत. एक्स-रेमध्ये नवीन सांध्याची वाटी आणि दांडा जागेवर आहेत का, हाडात नीट बसलेत का, कुठे सैल पडलंय का, एवढं दिसतं. आजूबाजूचे स्नायू किती दमदार आहेत ते त्यात दिसत नाही, आणि माणूस वळताना डगमगतो का हे तर मुळीच दिसत नाही. आणि आईंच्या स्नायूंची कमजोरी काही फक्त ऑपरेशननंतरची नाही हो, खुबा झिजल्यावर माणूस कित्येक वर्षं त्या पायावर भार टाकायचं टाळतो, लंगडतो, जिना टाळतो, आणि तेवढ्या वर्षांत कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू वाळून जातात. नवीन सांधा एका दिवसात बसतो, गेलेली ताकद मात्र महिन्यामहिन्यांनी परत येते, काही जणांना तर वर्षभर लागतं. सांध्याभोवतीच्या ज्या आवरणातून आपला पाय नेमका कुठे आहे ते मेंदूला कळतं ते आवरणही ऑपरेशनमध्ये कापलं जातं. सांगायचं एवढंच की एक्स-रे मस्त आणि तोल कच्चा, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं, ह्यात कुणी खोटं बोलत नाहीये.

आता ते आकडे. टीयूजी म्हणजे टाइम्ड अप अँड गो. १९९१ साली कॅनडातल्या पोडसिआडलो आणि रिचर्डसन ह्या दोघींनी ही टेस्ट ह्या रूपात मांडली आणि आज जगभर वापरतात कारण तिला काही लागतच नाही, हात असलेली एक खुर्ची, तीन मीटर जागा आणि घड्याळ. उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत यायचं, बसायचं. वयस्कर लोकांमध्ये १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरून पुढची तपासणी करा, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. म्हणजे १७ ला लक्ष द्यायला पाहिजे हे खरंय. पण ही शाळेची परीक्षा नाही ताई, इथे नापास हा शब्दच लागू होत नाही. १७ चा अर्थ एवढाच की इथे काहीतरी कमी पडतंय, शोधा.

आणि १७ नेमके कशाने आले ते कागदावर लिहिलंय का बघा. वॉकर घेऊन की काठी घेऊन? काठी कुठल्या हातात होती? पायात काय होतं? वॉकरने १७ आणि काठीने १७ ह्यात खूप फरक आहे, कारण वॉकर घेऊन वळायलाच वेळ जातो. लिहिलेलं नसेल तर फिजिओंना फोन करून विचारा आणि कागदावर लिहून घ्या. पुढच्या वेळी तीच खुर्ची, तीच काठी, त्याच चपला आणि शक्यतो दिवसाची तीच वेळ ठेवायला सांगा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही. १७ चे १६ झाले म्हणून पेढे वाटू नका आणि १८ झाले म्हणून घाबरू नका, एवढा फरक मोजण्यातही पडतो. खुब्या-गुडघ्याच्या पेशंटमध्ये साधारण अडीच सेकंदांहून जास्त फरक पडला तर खरंच काही बदललंय म्हणायचं.

माझ्या मते सेकंदांपेक्षा बघण्यासारखं दुसरंच असतं, आणि ते तुम्ही घरी बघू शकता, नव्हे तुम्हीच बघू शकता कारण तुम्ही त्यांना रोज बघता. एक घट्ट, हातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची नको, ती सरकते. टेपने तीन मीटर मोजून खडूने रेघ मारा. आईंच्या पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट पाहिजेत, घरातली सपाता नको. तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे चाला, धरू नका, पण हात तयार ठेवा. आणि घड्याळ राहू दे, फक्त बघा. उठताना दोन्ही हातांनी रेटून उठतात का? एकदा उठायला जाऊन परत मागे बसतात का? उठल्यावर लगेच पाऊल टाकतात की क्षणभर थांबून तोल सावरतात? थांबत असतील तर चांगलंच आहे, थांबू द्या, "चला ना" म्हणू नका. मग पावलं बघा, उजव्या पायावर कमी वेळ टेकून डावा पाय घाईघाईने पुढे येतो का? मग वळणं बघा, वळणावर सगळं कळतं. बरेच जण सरळ छान चालतात आणि वळताना गडबडतात. आणि शेवटी बसताना खुर्ची मागे पायाला लागेपर्यंत थांबतात, हाताने खुर्चीचा हात शोधतात, की दोन पावलं आधीच अंग टाकून देतात? धपकन बसणं हे मांड्यांमध्ये ताकद नसल्याचं लक्षण आहे.

वळण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण ह्यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या घरांमध्ये नेमकी आड येते. आईंचा उजवा खुबा बदललाय. त्यांनी उजवा पाय जमिनीत रोवून अंग उजवीकडे फिरवलं तर तो खुबा आतल्या बाजूला पिळला जातो, आणि मागच्या बाजूने ऑपरेशन केलेल्या खुब्याला तेच नको असतं. आता गणपतीच्या आरतीनंतर आपण सगळे काय करतो? जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो, आणि फिरतो उजवीकडेच, प्रदक्षिणेच्या दिशेने. गर्दी असते, सगळे एकदम फिरतात, हात जोडलेले म्हणजे काठीही नाही, कापूर-निरांजनाच्या धुरात डोळे मिटलेले. मला विचाराल तर दहा दिवसांत आईंना सर्वात जास्त धोका ह्याच क्षणाचा आहे, मोदकांचा नाही. आरतीला त्यांनी उभं राहावं, जरूर राहावं, मागे खुर्ची आणि बाजूला भिंत किंवा टेबल ठेवून, आणि फिरायचंच असेल तर पाय उचलून छोटी छोटी पावलं टाकत, पाच-सहा पावलांत, डोळे उघडे ठेवून. देवाला चालतं. आधी रोज दोनदा तुमच्या देखत सराव करून घ्या.

आणि ह्याच्यावरून बर्ग स्केलवर येते, कारण जागच्या जागी पूर्ण फिरणं हे त्यातलं एक काम आहे. बर्ग म्हणजे कॅनडातल्या फिजिओथेरपिस्ट कॅथरीन बर्ग, त्यांनी १९८९ साली हे मांडलं. त्यात १४ कामं असतात, प्रत्येकाला ० ते ४ मार्क, एकूण ५६. बसलेलं उठणं, आधाराशिवाय उभं राहणं, डोळे मिटून उभं राहणं, पाय जुळवून उभं राहणं, हात पुढे लांबवणं, जमिनीवरची वस्तू उचलणं, मागे वळून बघणं, पूर्ण फिरणं, पायरीवर आलटून पालटून पाय ठेवणं, एका पायावर उभं राहणं, अशी सगळी घरातलीच कामं. ४५ च्या खाली आलं की पडण्याचा धोका जास्त असं बरीच वर्षं सांगितलं जातं, म्हणून तुमच्या मिस्टरांनी ४३ बघून धसका घेतला. पण ही रेघ काही काळ्या दगडावरची नाही, ४४ वाला पडेलच आणि ४६ वाला पडणारच नाही असं नसतं.

तुम्ही विचारायला पाहिजे तो प्रश्न वेगळाच आहे. ५६ मधून ४३ आले म्हणजे १३ मार्क गेले, ते कुठल्या कामांत गेले? समजा एका पायावर उभं राहणं, पायरीवर पाय ठेवणं आणि एकापुढे एक पाऊल ठेवून उभं राहणं ह्यातच बहुतेक गेले असतील तर त्या घरात सपाट फरशीवर ठीक आहेत, जिना आणि फूटपाथची कड त्यांना अवघड आहे. समजा उठण्या-बसण्यात गेले असतील तर हिंचका आणि कमोड हा प्रश्न आहे. डोळे मिटल्यावर डगमगत असतील तर रात्रीचा अंधार आणि तोंड धुताना डोळे मिटणं, हे आलं. एकूण बेरीज सारखीच, पण प्रत्येकीसाठी घरात करायचे बदल वेगळे. फिजिओंकडे त्या १४ कामांचा तक्ता असतोच, त्याचा फोटो मागा. माझी खात्री आहे की तो तक्ता हातात आला की तुमच्या घरातलं निम्मं भांडण मिटेल, कारण मग "बाहेर जायचं की नाही" ह्यावर वाद घालायच्या ऐवजी "पायरीचं काय करायचं" ह्यावर बोलता येईल.

काठीचं मात्र आजच बदला. काठी डाव्या हातात पाहिजे. उजवा पाय ऑपरेशनचा म्हणून काठी उजवीकडे, हे ऐकायला बरोबर वाटतं आणि दहातले बरेच जण तसंच करतात, पण उजव्या पायावर उभं असताना शरीर डावीकडे खाली पडू नये म्हणून उजव्या कुल्ह्याच्या बाजूच्या स्नायूला ओढ धरावी लागते, आणि डाव्या हातातली काठी त्याची ती ओढ हलकी करते. उजव्या हातातल्या काठीने उलट त्या आणखी उजवीकडे झुकतात. काठी आणि उजवा पाय बरोबर पुढे. उंची, हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीइतकी. आणि काठीखालचं रबरी बूच बघा, गुळगुळीत झालं असेल तर मेडिकलमधून नवीन आणा, श्रावणात ओल्या लादीवर गुळगुळीत बूच म्हणजे काठी नसलेली बरी.

ह्याच स्नायूमुळे नणंदेला पाय लहान-मोठा वाटतोय अशी दाट शक्यता आहे. ग्लुटियस मीडियस नावाचा हा स्नायू कमजोर असला की त्या पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूचा कुल्हा खाली जातो, आणि ते टाळायला माणूस अंगच त्या पायाकडे झोकतो. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग ह्यांनी १८९५ साली हे वर्णन केलं, आजही त्यांच्याच नावाने ही टेस्ट करतात. पेशंटला एका पायावर उभं करून मागून कमरेची पातळी बघायची, एवढीच टेस्ट. खरंच लांबीत फरक पडलेलाही असू शकतो, पण ते मोजून कळतं, पायाखाली पातळ फळ्या ठेवून किंवा एक्स-रेवरून. व्हिडिओ कॉलवर नाही कळत. आणि पहिल्या काही महिन्यांत आखडलेल्या स्नायूंमुळे कंबर तिरकी राहून पाय लांब झाल्यासारखा वाटतो, तो बऱ्याच जणांचा नंतर जातो. तोवर कुणाच्या सांगण्यावरून चपलेला जाड सोल लावून आणू नका.

आता तुमच्या मिस्टरांचं. त्यांची भीती मला कळते, पण पडू नये म्हणून बसवून ठेवणं ह्याने पडण्याची शक्यता वाढते. बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने जातात, आणि एकदा सगळ्यांनी मिळून घाबरवलं की माणूस स्वतः घाबरतो, अंग आखडून चालतो, आणि आखडून चालणारा लवकर पडतो. आई अजून घाबरलेल्या नाहीत, वॉकर कोपऱ्यात ठेवून काठी घेतायत, हा त्यांचा उत्साह तुमच्या घरातली मोठी ठेव आहे, तो घालवू नका, त्याला फक्त दिशा द्या. त्याचबरोबर नणंदेलाही सांगा की मैत्रिणीच्या आईशी तुलना नको, त्यांचं वय, त्यांचे स्नायू, ऑपरेशन पुढून झालं की मागून, आधी किती वर्षं दुखत होतं, हे आपल्याला काहीच माहीत नाही. आईंची तुलना एकाच बाईशी करायची, गेल्या महिन्यातल्या आईंशी.

जिना. आपल्या जुन्या घरांचे लाकडी जिने कसे असतात ते माहीतच आहे, उभे, पायरी अरुंद, आणि आधाराला एका बाजूला लोंबता दोर. दोराला धरून चढण्यावर ह्या वेळी विसंबू नका, तो हलतो. शक्य असेल तर दोन्ही बाजूंना, निदान एका बाजूला भक्कम कठडा करून घ्या, सुतार-वेल्डरचं एका दिवसाचं काम आहे. चढताना बरा पाय आधी, मग ऑपरेशनचा पाय आणि काठी. उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी, मग बरा. हे फिजिओंसमोर पाच-सहा पायऱ्यांवर करून दाखवल्याशिवाय घरी सुरू करू नका. चढताना तुम्ही मागे, उतरताना तुम्ही एक पायरी खाली. पण वर झोपायला जायचं की नाही हे जिन्यावर ठरत नाही, संडास कुठे आहे त्यावर ठरतं. वर संडास नसेल आणि रात्री अंधारात उतरावं लागणार असेल तर अजून काही महिने खालीच झोपायचं, ह्यावर मी ठाम आहे. वर सोय असेल तर दिवसातून एकदा चढणं, दुपारी तिथे आपल्या खोलीत पडणं आणि संध्याकाळी उतरणं, इथपासून सुरुवात करा. त्यांना त्यांची खोली तर मिळेल.

हिंचका. बडोद्यात राहून कुणाला हिंचक्यापासून लांब ठेवणं म्हणजे शिक्षाच आहे, पण हिंचका दोन कारणांनी अवघड आहे, तो बसायला खाली असतो आणि बसताना मागे सरकतो. बसल्यावर गुडघे कुल्ह्यांच्या वर येता कामा नयेत, म्हणजे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडता कामा नये, निदान सर्जन मोकळीक देईपर्यंत. तुमच्या हिंचक्याची पाटी गुडघ्याच्या खाली असेल तर दोन्हीकडच्या सळ्यांमधली एकेक कडी काढून तो उंच करता येतो, चारही बाजू सारख्या झाल्यात का ते मात्र पाणसळीने (लेव्हलने) बघा. आणि बसताना-उठताना कुणीतरी पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. आई साध्या खुर्चीतून छातीवर हात बांधून, न रेटता, लागोपाठ पाच-सात वेळा उठू शकल्या की मग हिंचका, तोपर्यंत खुर्ची. ह्याची एक टेस्टही आहे, ३० सेकंदांत असं किती वेळा उठता येतं ते मोजायचं, आणि ७० ते ७४ वयाच्या बायकांसाठी दहाच्या खाली असेल तर कमी समजतात. फिजिओंकडून करून घ्या, महिन्यामहिन्याने हा आकडा वाढताना बघून पेशंटला जो हुरूप येतो तो औषधाने येत नाही.

मोदक त्यांना खुर्ची-टेबलावर वळू द्या, नैवेद्याचं ताट त्यांनी उचलून आणू नये एवढंच, दोन्ही हात अडकले की तोल सावरायला काही उरत नाही. मांडी घालून बसणं, वाकून नमस्कार, खाली पडलेली दुर्वा उचलणं, हे सर्जनना नेमकं विचारा, कारण ऑपरेशन कुठल्या बाजूने केलंय त्याप्रमाणे बंधनं वेगळी असतात आणि किती महिने पाळायची तेही डॉक्टरांप्रमाणे बदलतं. खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा मिळतो, तो आणा.

सुरसागरपर्यंत चालायचं म्हणतायत ना, जाऊ द्या, पण लगेच नको. आधी घरात बोलता बोलता चालता येतंय का बघा. तुम्ही त्यांच्याबरोबर चालत असताना सहज विचारा, आज भाजी काय करू? चालता चालता उत्तर दिलं तर छान, उत्तर द्यायला थांबल्या तर समजा की चालण्यातच सगळं लक्ष जातंय. स्वीडनमध्ये १९९७ साली ह्याच साध्या गोष्टीवर अभ्यास झाला होता, बोलायला थांबणारे वयस्कर लोक पुढच्या सहा महिन्यांत जास्त पडले. आणि आपल्या रस्त्यावर तर बोलण्यापेक्षा किती गोष्टी असतात, मागून येणारी ॲक्टिव्हा, मध्येच बसलेली गाय, उखडलेला पेव्हर. म्हणून आधी सकाळी कामाठीबागेत, रिक्षाने जाऊन, सपाट वाटेवर, बाकांच्या जवळून. तिथे न दमता, न थांबता, बोलत बोलत चालायला लागल्या की मग सुरसागर, गर्दी नसताना, कुणाला तरी सोबत घेऊन.

दोन गोष्टी खुब्याशी संबंध नसलेल्या, पण तोल जाण्याशी आहेत. बीपीची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर त्यांचं बीपी पडून असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असं दोन्ही मोजून घ्या, वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर फिजिशियनला दाखवा, गोळी आपण बंद करू नका. आणि डोळे तपासा, मोतीबिंदू असेल किंवा बायफोकल चष्म्यातून पायरी धूसर दिसत असेल तर कितीही व्यायाम करून जिन्यावर उपयोग नाही.

आणि हे दिसलं तर फिजिओ, सदर, माझं उत्तर सगळं बाजूला ठेवून तडक डॉक्टर. अचानक खुब्यात जोरात कळ येऊन पायावर उभंच राहता येत नाही, पाय आखूड झाल्यासारखा आणि वळलेला दिसतो, पोटरी सुजून दुखते, छातीत दुखतं किंवा दम लागतो, टाक्यांच्या जागी लाली, पाणी किंवा ताप. पडल्या आणि काही दुखत नसलं तरी त्या दिवशी डॉक्टरांना कळवा.

राहिली तुमची गादी. दाराशी झोपणं थांबवा ताई. पलंगापासून संडासापर्यंत पायाजवळ रात्रभर जळणारे दोन छोटे दिवे लावा, वाटेतलं पायपुसणं आणि सतरंजी उचला, संडासात कमोडच्या बाजूला पकडायला दांडा आणि कमोड बुटका असेल तर वर उंच सीट बसवून घ्या, आणि आईंच्या उशाशी बिनतारी बेल ठेवा जी तुमच्या खोलीत वाजेल. पहिल्या काही रात्री मिस्टरांना ती बेल आपल्या उशाशी ठेवायला सांगा, त्यांची आई आहे. आणि पुढच्या वेळी फिजिओकडे जाताना तुम्ही दोघी जा, तक्त्याचा फोटो, हिंचक्याच्या उंचीचं माप आणि जिन्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, आणि प्रश्न आईंना विचारू द्या, तुम्ही फक्त उत्तरं लिहून घ्या.